चषकावरचे नाव आणि स्मरणातला सामना

मोऱ्याहून लाँचने मुंबईस जाणारा उरणकर भाऊच्या धक्क्यावर उतरतो. आजवर असे किती हजार लोक तेथे उतरले असतील याची गणती नाही. परंतु हे भाऊ कोण, असे त्यांतल्या एखाद्याला विचारावे, तर तो आपल्याकडे जरा चमत्कारिक दृष्टीनेच पाहील. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ या गृहस्थांनी मूळ धक्का बांधला, म्हणून त्यांचे नाव त्याला चिकटले. नाव राहिले, माणूस मात्र विस्मरणात गेला.

फुटबॉलच्या चषकांचेही पुष्कळ अंशी असेच झालेले आहे. संतोष करंडकाचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते. हा संतोष कोणी नामांकित खेळाडू असावा, अशी बहुतेकांची समजूत. वस्तुतः संतोष हे एका जमीनदारीचे नाव असून ते गाव आज बांगला देशात टांगाइलजवळ आहे. तेथील राजे सर मन्मथनाथ राय चौधरी हे बंगालच्या कायदेमंडळाचे अध्यक्ष होते, आणि कलकत्त्याच्या फुटबॉलचेही ते मोठे आश्रयदाते. त्यांच्या निधनानंतर, १९४१ सालापासून, प्रांताप्रांतांच्या संघांचे सामने त्यांच्या नावाच्या करंडकासाठी होऊ लागले. १९५४ साली तो मुंबईने जिंकला, ही गोष्ट जुन्या शौकिनांना पाठ आहे. राजेसाहेब मात्र कोणाला ठाऊक नाहीत. १८८८ पासूनची ड्युरँड स्पर्धा घ्या. तिचे ड्युरँडसाहेब हे हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव, आणि अफगाण सरहद्दीवरील रेषाही त्यांच्याच नावाची. कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या करंडकास बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय यांचे नाव आहे. मुले तो करंडक जिंकून घरी आणतात, आणि डॉक्टर कोण हे त्यांना कोणी सांगत नाही.

तेव्हा चषकावर नाव कोरल्याने माणूस लक्षात राहतो, असे म्हणता येत नाही. पण याच्या उलट एक गोष्ट आम्ही वारंवार पाहिली आहे. फुटबॉलचे दोन-चार जुने शौकीन एकत्र बसले, की पाच-दहा मिनिटांत कोणा ना कोणा दिवंगत पुढाऱ्याचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. चषकाला ते नाव असो वा नसो! हे असे का होते, याचा थोडा विचार करावयाचा आहे.

काही वर्षांपूर्वी आम्हांस उरणातच एक वृद्ध गृहस्थ भेटले. तरुणपणी रोव्हर्स चषकाचे सामने पाहण्यासाठी ते मोऱ्याहून लाँच धरून कूपरेजला जात. त्या काळी रोव्हर्स म्हणजे फुटबॉलची मोठी जत्राच. १८९१ साली गोऱ्या पलटणींसाठी निघालेली ही स्पर्धा १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने प्रथम हिंदी संघाच्या पदरात टाकली, आणि १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी ती कोणाला दिलीच नाही. आमचे गृहस्थ हैदराबादच्या खेळाडूंचे लहान लहान पासेस हाताच्या बोटांनी टेबलावर काढून दाखवीत. सामना लांबला आणि ओहोटी लागली, की मोऱ्याच्या गाळामुळे परतीची लाँच बंद. मग माझगावात नातलगाकडे रात्र काढावयाची, आणि सकाळी घरी बोलणी खावयाची.

बोलता बोलता ते म्हणाले, की यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, आणि पुढच्याच महिन्यात नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविले. आपण तो सामना कूपरेजवर प्रत्यक्ष पाहिला.

आम्ही घरी येऊन तारखा ताडून पाहिल्या. द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात येऊन यशवंतरावांनी सूत्रे हाती घेतली ती १ नोव्हेंबर १९५६ रोजी. नेव्हिल डिसूझाचे तीन गोल झाले १ डिसेंबर १९५६ रोजी. महिन्याचा हिशेब दिवसासुद्धा चुकला नव्हता! परंतु तो सामना झाला मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये. भारताने तो ४–२ असा जिंकला आणि पुढे त्या स्पर्धेत चौथा क्रमांक मिळविला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू. कूपरेजवर आमच्या गृहस्थांनी नेव्हिलला पाहिले असेल ते मुंबईतल्या क्लबाच्या सामन्यांत. वर्तमानपत्रात वाचलेला खेळ आणि डोळ्यांनी पाहिलेला खेळाडू यांची साठ वर्षांत मनात एकजीव मोट बांधली गेली.

काळ अचूक आणि स्थळ साफ चूक, असे का व्हावे? आम्हांस वाटते, फुटबॉलच्या शौकिनाजवळ स्वतःचे पंचांग नसते. क्रिकेटच्या धावा आणि बळी छापून राहतात. आपल्याकडच्या फुटबॉलचे तसे नाही. कोणी कोणाला पास दिला, कोणता चेंडू खांबाला लागून परत आला, हे लिहून ठेवणारे फार थोडे. तेव्हा प्रेक्षक आपली आठवण बाहेरच्या एखाद्या खुंटीला बांधतो. सर्वांना ठाऊक असलेली खुंटी म्हणजे राज्यकारभार: अमुक मुख्यमंत्री झाले ते साल, तमुक पुढारी वारले तो पावसाळा. त्यातून कूपरेज म्हणजे फ्लोरा फाउंटनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. नोव्हेंबर १९५५ मध्ये तेथे संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेलल्या गेल्या. त्या दोन वर्षांत कूपरेजला जाणाऱ्या मराठी माणसाच्या मनात खेळ आणि राजकारण वेगळे राहणे शक्यच नव्हते.

या खुंटीचा एक तोटाही आहे. आठवण पुढाऱ्याला बांधली की दोषही त्याच्याच माथी येतो. १९५० च्या जागतिक स्पर्धेसाठी आपला संघ ब्राझीलला गेला नाही. यास कोणी अनवाणी खेळण्याचे कारण सांगतो, कोणी सरकारने पैसा दिला नाही असे म्हणतो, आणि कोणी तर थेट नेहरूंकडे बोट दाखवितो. १९४८ साली लंडनला आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले, हे खरे. दोन पेनल्टी वाया घालवूनही फ्रान्सशी ते अवघ्या १–२ ने हरले. परंतु १९५० ला न जाण्याचा निर्णय फुटबॉलच्या आपल्याच महासंघाचा होता. ऑलिंपिकपुढे त्यांना जागतिक स्पर्धेची मातब्बरी वाटली नाही, आणि सरावास वेळ नाही असे सांगून ते मोकळे झाले. खर्चाचा मोठा वाटा उचलावयास तर यजमान तयारच होते. पुढील मार्चमध्ये, १९५१ साली, दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत मेवालालच्या गोलावर आपण इराणला हरविले, तेव्हा नेहरू प्रेक्षागृहात बसलेले होते. जो शौकीन पहिल्या गोष्टीसाठी त्यांना दूषण देतो, तोच दुसरी गोष्ट सांगताना डोळ्यांत पाणी आणतो. दोन्हींत नेहरूंनी चेंडूला पाय लावलेला नाही!

गोमंतकात हे नाते अधिक जवळचे आहे. तेथे खेळावयाची मैदानेच पुढाऱ्यांच्या नावांची: वास्कोला टिळक मैदान, मडगावजवळ फातोर्ड्याला नेहरू स्टेडियम, आणि पणजीला कांपालवर बांदोडकर मैदान. यांतले भाऊसाहेब बांदोडकर हे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. त्यांच्या नावाचा सुवर्णचषक त्यांच्या हयातीतच, १९७० साली, सुरू झाला, आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी अधिकारपदावर असतानाच ते वारले. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा हा त्यांचा पक्ष. १९६७ च्या जनमत कौलात तो पडला. त्याच्या विरुद्ध भरभरून मते देणारी सासष्टी हेच गोव्याच्या फुटबॉलचे माहेरघर. तरी भाऊसाहेबांच्या सुवर्णचषकासाठी लढण्यास कोणाच्या मनाला अडचण वाटली नाही. विलीनीकरणावर अद्याप दोन जुने गोवेकर भांडू शकतील. चषकाच्या गोष्टी निघाल्या की तेच एकमेकांना विसरलेली नावे पुरवितात.

कोल्हापुरात तर पेठेपेठेचा अभिमान फुटबॉलमध्ये उतरला आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल, दिलबहार ही नावे ऐकून परक्याला कुस्तीचे आखाडे आठवतील, आणि मुळात ते आखाडेच. लाल मातीच्या तालमींनी चेंडू उचलला आणि नाव तेच ठेवले. सामने होतात ते राजर्षी शाहूंच्या नावाच्या स्टेडियमवर. ज्यांनी कुस्तीसाठी खासबागेचे मैदान बांधविले, त्यांच्याच नावाने पेठा फुटबॉलवर जीव टाकतात. कधी कधी डोकीही फोडतात, हे लपविण्यात अर्थ नाही. उत्तर कोल्हापूरचे आमदार चंद्रकांत जाधव हे फुटबॉलचे आश्रयदाते म्हणून तेथे परिचित होते. २ डिसेंबर २०२१ रोजी ते निवर्तले. त्यांचे पक्ष, त्यांच्या निवडणुका यांचा हिशेब राजकारणी ठेवतील. स्टेडियमच्या पायऱ्यांवर त्यांची आठवण निघते ती खेळाच्या अंगाने.

आता पुन्हा उरणास येऊ. १९८२ साली नेहरूंच्या नावाने एक आंतरराष्ट्रीय सुवर्णचषक सुरू झाला, आणि जानेवारी १९८४ मध्ये कलकत्त्यास त्याचे सामने झाले. अर्जेंटिनाचा संघ आला होता, आणि आपण त्याच्याशी एकाच गोलाने हरलो. पोलंडने चषक नेला. जुन्या शौकिनांच्या दृष्टीने ही मोठीच पर्वणी. आमच्या त्या वृद्ध गृहस्थांना आम्ही या सामन्यांविषयी मुद्दाम विचारले. रेडिओवर काही ऐकले असेल, एखाद्या खेळाडूचे नाव लक्षात असेल, अशी आमची अपेक्षा.

ते काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी दि. बा. पाटलांचे नाव घेतले. त्याच जानेवारीच्या १६ व १७ तारखांना जासई आणि नवघर-पागोट्याच्या बाजूस, संपादलेल्या जमिनींच्या रास्त मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. त्या दिवशी रस्त्यावर कोण कोण होते, कोणाच्या घरी निरोप कसा पोचला, हे सर्व त्यांनी आम्हांस क्रमवार सांगितले, आणि या वेळी स्थळात कोठेही चूक नव्हती. ज्या किनाऱ्यावर पुढे १९८९ साली बंदर सुरू झाले, त्या बंदरालाही नेहरूंचेच नाव आहे. नेहरू चषकाचा मात्र एकही सामना त्यांना आठवत नव्हता.