हरवलेली ठिणगी

रत्नागिरीहून पावसच्या वाटेला लागले, की भाट्याचा पूल येतो. पुलावरून उजव्या हाताला पाहावे. काजळी नदी इथेच समुद्राला मिळते. अलीकडे राजिवड्याची मच्छीमार वस्ती, पलीकडे भाट्याची लांबलचक पुळण आणि सुरूचे बन. देखावा मोठा रम्य! पण खाडीच्या मुखाशी वाळू साचून पाणी उथळ होते आणि लाटा फुटतात. तेथे होडीचे इंजिन बंद पडले, तर होडी लाटेला आडवी होते, आणि आडवी होडी उलटायला एकच लाट पुरते.

होडीच्या मागे अडकवायचे हे आउटबोर्ड इंजिन नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेत १९०९ साली विकायला काढले. तेव्हापासून त्याचा एक वैरी कायम आहे : मीठ. खारे पाणी वाळले तरी मीठ मागे राहते आणि हवेतला ओलावा शोषून घेते. तांब्याच्या तारा हिरव्या पडतात. मग वीज जायची तिथे जात नाही, आणि नको तिथे मात्र बिनदिक्कत जाते!

म्हणूनच इंजिन रुसले की लगेच त्याचे पोट उघडू नये. आधी सोपे ते पाहावे.

चालकाच्या मनगटाला बांधायची सुरक्षेची दोरी असते. तिची चाप निसटली असेल, तर ठिणगी पडतच नाही. बटण दाबताच नुसते ‘टक्’ वाजले, तर बॅटरीची टोके घासून घट्ट करावीत. फ्यूज जळला असेल, तर त्याच मापाचा घालावा. जाड तार कधीही नको. बॅटरी अगदीच मेली, तरी पुष्कळ लहान इंजिने दोरी ओढून सुरू होतात, कारण ठिणगीपुरती वीज त्यांचे फिरते चाकच निर्माण करते.

एवढ्याने भागले नाही, तर सांडलेले इंधन पुसावे आणि वाफ उडून जाऊ द्यावी. नाहीतर होडीतच होळी व्हायची! मग प्लग काढून टोपीत बसवावा, रबरी मुठीच्या पकडीने त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवावे आणि दोरी ओढावी. निळसर ठिणगी दिसली, तर दोष बहुधा इंधनात. न दिसल्यास नवा प्लग लावून पाहावा. तरीही अंधारच असेल, तर इंजिन थांबविण्याच्या बटणाची तार तपासावी. तिचे वेष्टन झिजून ती इंजिनाला टेकली, की ठिणगीची वीज परस्पर तिकडे पळते.

पण ही सारी तपासणी काठावरची. मुखाशी इंजिन थांबले, तर आधी नाळेवरून नांगर टाकून होडीचे तोंड लाटेकडे ठेवावे, प्लग मागाहून. म्हणून होडीत वल्ही आणि नांगर हवेतच, आणि परतल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुऊन, विजेचे सांधे कोरडे करून त्यांना व्हॅसलीनचा हात फिरवावा.

वाचकहो, पावसाळ्यात आपल्या दारची स्कूटर अडून बसते, तेव्हाही मेकॅनिकला हाक मारण्याआधी हाच क्रम आठवून पाहा.