‘थँक गॉड’ म्हणालात, पण कशाबद्दल?

आज दिवसभरात तुम्ही किती वेळा ‘थँक गॉड’ म्हणालात? मोजून बघा. लोकलमध्ये खिडकी मिळाली, थँक गॉड. सरांनी लेक्चर कॅन्सल केलं, थँक गॉड. व्हायव्हात पाठ केलेलाच प्रश्न आला, थँक गॉड! देवाचे आभार आपल्या तोंडात इतके बसलेत की ते कुणाचे आणि कशाबद्दल मानतोय, याकडे लक्षच जात नाही. आणि केटी लागली की तोच देव लगेच आरोपीच्या पिंजऱ्यात.

मी ख्रिस्ती घरात वाढले. आमच्याकडे या आभारांना एक भारदस्त शब्द आहे, ‘उपकारस्तुती’. मराठी बायबलमधला आणि चर्चमधलाही. जेवणाआधी उपकारस्तुती, प्रवासाहून सुखरूप परतलो की उपकारस्तुती, दहावीचा निकाल लागला की रविवारी चर्चमध्ये उपकारस्तुतीचं पाकीट. मुंबई-वसईकडचे ईस्ट इंडियन लोक तर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ साजरा करतात. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन पिकासाठी देवाचे आभार मानायचे. लहानपणी मला मात्र हे सगळं भाजी थंड करणारं प्रकरण वाटायचं. ‘आमेन’ कधी येतंय याची वाट बघत मी एक डोळा उघडा ठेवूनच बसायचे.

एफवायला असताना पप्पांची नोकरी गेली. त्या रात्री ताटात आमटी-भात होता. पप्पांनी नेहमीसारखे हात जोडले आणि आभार मानले. मला इतका राग आला की मी ‘आमेन’ म्हटलंच नाही. “कशाचे आभार मानताय?” मी विचारलं. पप्पा शांतपणे म्हणाले, “नोकरी गेली त्याचे नाही मानले गं. आमटी-भाताचे मानले. आणि आपण चौघं एकत्र जेवतोय त्याचे.”

पौलाने थेस्सलनीका इथल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला सांगितलंय. पप्पांचं म्हणणं, तिथे ‘स्थितीत’ लिहिलंय, ‘स्थितीबद्दल’ नाही.

पण ‘सर्व’ म्हणजे किती? याच शब्दावर दोन डच बहिणींचं एकदा जुंपलं होतं. कोरी आणि बेट्सी टेन बूम. हार्लेममधलं त्यांचं घड्याळजीचं कुटुंब ज्यूंना घरात लपवायचं, म्हणून 1944 मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढे रावेन्सब्रुकच्या छळछावणीत त्यांची रवानगी झाली. तिथल्या बराकीत पिसवांचा सुळसुळाट. बेट्सी पौलाच्या याच शब्दांचा आधार घेऊन म्हणाली, पिसवांचेही आभार मानू या. कोरीला हे पटेना. पुढे कळलं की पिसवांच्या भीतीनेच पहारेकरी त्या खोलीत यायचे टाळत होते आणि म्हणूनच तिथे चोरून बायबल वाचता येत होतं.

ही गोष्ट बरेचदा इथेच संपवतात. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेट्सी त्या छावणीतच गेली. आभार मानले म्हणून ती वाचली नाही. ‘मी थँक्यू म्हणतो, तू माझं काम कर’ असा हा सौदा नाहीच.

लूकच्या शुभवर्तमानातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्टही हेच सांगते. दहाही जण बरे झाले. आभार मानायला परत आला एकच, तोही परका समजला जाणारा शोमरोनी. बाकीच्या नऊ जणांचा रोग परत आला, असं लूक कुठेच म्हणत नाही. बरं होणं सगळ्यांना मिळालं. पण ज्याने बरं केलं त्याच्यासमोर पुन्हा जाऊन उभं राहणं, हे फक्त त्या एकाच्या वाट्याला आलं.

आणखी एक. कृतज्ञता म्हणजे गप्प बसणं नव्हे. बायबलमधलं स्तोत्रसंहिता हे पुस्तक उघडा, त्यात आभारांइतकीच रड आहे, तक्रार आहे, ‘देवा, कुठे आहेस?’ असा जाबही आहे. तेव्हा कुणी त्रास देत असेल, स्कॉलरशिप अडकली असेल, तर ‘देवाची इच्छा’ म्हणून सोडून देऊ नका. तक्रार जरूर करा.

मग रोज करायचं काय? जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाची उजळणी करायची एक पद्धत सांगितलीय. 1548 मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या त्यांच्या ‘स्पिरिच्युअल एक्सरसाइझेस’मध्ये ती आहे. तिची पहिलीच पायरी आहे आभार. आपल्या चुका शोधणं, क्षमा मागणं, उद्याचा निश्चय करणं, हे सगळं त्यानंतर. आपण नेमकं उलटं करतो. रात्री पाठ टेकली की आधी चुकांची यादी, मग झोपेचं खोबरं!

हॉस्टेलवर आल्यापासून मी हे करतेय. तुम्हीही करून बघा :

- झोपताना फोन बाजूला ठेवा आणि आजच्या तीनच गोष्टी आठवा. ‘सगळ्यासाठी थँक्स’ चालणार नाही. ‘मेसच्या मावशींनी उशीर झाला तरी पोळी गरम करून दिली’, इतकं नेमकं हवं.
- देवाचे आभार मानून झाले की दुसऱ्या दिवशी त्या मावशींनाही सांगा. देवाला थँक्यू आणि माणसाकडे पाठ, हे जमत नाही.
- ज्या दिवशी काहीच सुचत नाही, त्या दिवशी तसंच सांगा. तीही प्रार्थनाच आहे.

पप्पांना आठ महिन्यांनी काम मिळालं, आधीपेक्षा कमी पगाराचं. त्या रात्रीही ताटात आमटी-भातच होता. आभार पप्पांनीच मानले, तेही नेहमीचेच. या वेळी माझे दोन्ही डोळे मिटलेले होते. आणि ‘आमेन’ सगळ्यात आधी मीच म्हटलं.