समई कुठे गेली?

वाचकहो, चोर आमच्या घरातलाच होता आणि त्याला सामील होतो मी, हे आधी कबूल करतो.

२०१८ सालची गोष्ट. ऐन दिवाळीच्या तोंडावर ताईच्या देवघरातली पितळी समई नाहीशी झाली. संशय अर्थातच भांडीवाल्या बाईंवर! त्यांचे काम सुटले. पुढे कळले, की समई मोडीत घातली होती ती माझ्या भाच्याने. पोरगा इंजिनिअरिंगला, हुशार. पण त्याला गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची चटक लागली होती.

"मामा, एवढ्या वेळी सांभाळून घे," म्हणून तो रडला. मी त्याची उधारी फेडली. एकदा नव्हे, तीनदा! ताई म्हणाली, "बाहेर शब्द काढू नकोस रे, मुलीचं लग्न व्हायचंय अजून." भाऊजींनी देवापुढे शपथ घ्यायला लावली. ती नऊ दिवस टिकली.

अखेर पुण्याचे मुक्तांगण गाठले. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर १९८६ साली सुरू केलेले हे व्यसनमुक्ती केंद्र. मला वाटले, पोराला हवाली केले की सुटलो. पण तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न मलाच केला, "पैसे कोण देत होतं?" मी मान खाली घातली.

तिथे उमगले, की व्यसन हा आजार आहे. शपथेने मलेरिया जात नाही, तसा हाही जात नाही. गर्द बंद केली की अंग ठणकते, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. तो त्रास औषधांनी थोड्या दिवसांत आटोक्यात येतो. मनाची ओढ मात्र उरते. तिच्यासाठी समुपदेशन हवे, सोबत्यांच्या सभा हव्यात आणि घरच्यांनीही शिकायला हवे. आणखी एक धोका: काही काळ सुटल्यावर शरीराची सवय मोडते, मग पूर्वीचाच डोस जीव घेऊ शकतो.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ घरे गप्प बसतात. पण अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातच, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४ अ आहे. सरकारची १४४४६ ही मोफत दूरध्वनी सेवाही आहे.

भाचा आठ महिन्यांनी पुन्हा घसरला. पण या खेपेस त्याच रात्री त्याने स्वतःहून सांगितले. कोणी शपथ घातली नाही, कोणी पैसे दिले नाहीत. सकाळी दोघे मिळून केंद्रात गेलो. आज तो नोकरी करतो. 'बरा झालो' म्हणत नाही. 'आजचा दिवस गेला' म्हणतो.

समई काही परत मिळाली नाही. पण त्या भांडीवाल्या बाईंचे घर शोधून आम्ही फराळाचा डबा घेऊन गेलो. माफी आधी मी मागितली, मग त्याने. बाईंनी डबा घेतला, आणि पहिले विचारले ते हेच, "पोरगं आता बरं आहे ना?"