आग्रा रोडने थेट आग्र्याला!

कुर्ला-घाटकोपरच्या एलबीएस मार्गाला जुनी माणसं अजूनही ‘आग्रा रोड’च म्हणतात. मग त्या रोडने एकदा खरंच आग्रा गाठायला काय हरकत आहे? आई-बाबांना ताज दाखवायचाय आणि बाबांचे गुडघे आता कुरकुरायला लागलेत. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हटलं की राहिलंच! म्हणून मी आपल्या गाडीनेच जायचं ठरवलंय. हवं तिथे थांबता येतं, पाय मोकळे करता येतात.

अंतर साधारण १२०० किलोमीटर. नाशिक, धुळे, सेंधवा करत पहिला मुक्काम इंदूर. रात्री सराफ्यातली खादाडी मस्ट! दुसऱ्या दिवशी शिवपुरी, ग्वाल्हेरमार्गे आग्रा.

आता रजेचं गणित. बुधवारी निघालात तर गुरुवारी रात्री पोचाल आणि शुक्रवारी ताज बंद! त्यापेक्षा शनिवारी निघा, सोमवारी सूर्योदयाला गेटवर हजर. बुधवारी रात्री घरी. रजा फक्त तीन! डिसेंबर-जानेवारीत धुकं ताज गिळून टाकतं, फेब्रुवारी बेस्ट.

तिकीट ५० रुपये, मुख्य कबरीपर्यंत जायचं तर आणखी २००. वेळ तीन तास. गाडी लांबच ठेवावी लागते, पुढे बॅटरीवरची वाहनं आहेत, गुडघेवाल्यांची सोय!

दुपारी लाल किल्ला चुकवू नका. जानेवारी १६६६ मध्ये शहाजहान इथेच कैदेत वारला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले. किल्ल्यासमोर महाराजांचा पुतळाही आहे. बाबा तिथून लवकर हलणार नाहीत, तेव्हा तासभर जास्तच धरा!