कात्री कोणाच्या हाती?

प्राणहितेच्या काठी अहेरीत राहून सिनेमावर लिहायचे, म्हणजे जरा धाडसच! पण हा विषय मला सुचवला तो वर्गातल्या एका विद्यार्थ्याने. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत हा मुलगा झाडीपट्टीच्या नाटकांत काम करतो. एकदा तास संपल्यावर म्हणाला, "सर, नाटकात माझं मरण मी प्रेक्षकांकडं बघून लांबवतो. सिनेमात ते किती लांबवायचं, हे कोण ठरवतं?"

प्रश्न साधा, पण नेमका मर्मावर बोट ठेवणारा. धानाची कापणी उरकली, की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव जातात आणि रात्रभर नाटक रंगते. २०२३ साली पद्मश्री मिळालेले परशुराम खुणे याच रंगभूमीचे. इथे एकदा पडदा वर गेला, की नट आपल्या भूमिकेचा राजा! सिनेमात मात्र त्याचा अभिनय तुकड्यातुकड्यांनी टिपला जातो. कोणता तुकडा ठेवायचा आणि कोणता टाकायचा, हे संकलनाच्या खोलीत ठरते. तिथे नटाला बहुधा बोलावणे नसते. दूरदर्शन मालिकांची तऱ्हा तर याहून न्यारी. आज काय बोलायचे, हेच कित्येकदा चित्रीकरणाच्या दिवशी कळते. मग भूमिकेचा शेवट काय, हे नटाने विचारावे कोणाला?

'कट्यार काळजात घुसली'चेच पाहा. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ साली रंगमंचावर आले. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. चेहरा त्यांचा आणि गळाही त्यांचाच. २०१५ च्या दिवाळीत त्यावरचा चित्रपट आला, तेव्हा चेहरा सचिन पिळगांवकरांचा होता आणि गाणारा गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. एका भूमिकेचे दोन धनी झाले! त्यांना एकजीव करणार कोण? साहजिकच दिग्दर्शक. आणि इथे दिग्दर्शक होता एक नटच. सदाशिवाची भूमिका करणाऱ्या सुबोध भावे यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट. जितेंद्र अभिषेकींच्या चालींशेजारी शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या चाली आल्या, आणि नाट्यसंगीतापासून दुरावलेली तरुण मंडळीही ती गाणी गुणगुणू लागली.

मग सगळेच नटाच्या हाती सोपवावे काय? थांबा! आर. के. नारायण यांच्या 'द गाइड' कादंबरीवरचा चित्रपट १९६५ साली आला. निर्मिती देव आनंद यांच्या 'नवकेतन'ची आणि नायकही तेच. चित्रपट गाजला, पण कादंबरीतले मालगुडी पडद्यावर कुठेच नव्हते. नारायण दुखावले, आणि ती नाराजी त्यांनी लिहूनही ठेवली.

म्हणजे कात्री हाती आली, की जबाबदारीही आली. नटाला विचारावे, कथा आधी पुरी ऐकवावी, हे न्यायाचेच आहे. कारण लोकांसमोर उभा राहतो तो. परंतु त्याने भांडावे ते भूमिकेच्या लांबीसाठी नव्हे, तर कलाकृतीच्या प्राणासाठी.

हेच मी त्या विद्यार्थ्याला सांगितले. "बाबा रे, कात्री जरूर माग, पण आधी पुस्तक पुरते वाच. तुझे मरण लांबवताना दुसऱ्याचे जगणे कापले जात नाही ना, एवढे बघ."

तो हसला. यंदा त्याच्याकडे खलनायकाचे काम आहे, आणि मरण म्हणे अगदी शेवटच्या अंकात!