थॅलेसेमिया आणि मातृत्व : वेळीच केलेल्या रक्तचाचणीचे मोल

घरात बाळाची चाहूल लागली की सर्वत्र आनंद पसरतो. मात्र ज्या कुटुंबात एखादा आनुवंशिक आजार आहे, तेथे या आनंदाला चिंतेची किनार असते. आईचा किंवा नात्यातला आजार बाळाच्याही वाट्याला येईल काय, हा तो प्रश्न. भारतात ज्या आजारांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर गर्भारपणाच्या आरंभीच मिळू शकते, त्यांपैकी थॅलेसेमिया हा एक प्रमुख आजार होय.

रक्तातील हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकात दोष असल्यास थॅलेसेमिया होतो. प्रत्येकाला या जनुकाची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून मिळते. एकच प्रत सदोष असेल, तर ती व्यक्ती 'वाहक' ठरते. वाहक व्यक्ती निरोगी आयुष्य जगते. तिला आपण वाहक आहोत याची कल्पनाही नसते. दोन्ही प्रती सदोष असलेल्या बालकाला मात्र 'थॅलेसेमिया मेजर' हा गंभीर आजार होतो. त्याला साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि त्या रक्ताबरोबर शरीरात साठणारे लोह बाहेर काढण्यासाठी आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात.

पती व पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के, बाळ केवळ वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल आजारी जन्मले म्हणून पुढची तीन निरोगी होतील, असा याचा अर्थ नव्हे. दर खेपेस शक्यता तितकीच राहते. आजारी बालकाला एक सदोष प्रत आईकडून, तर दुसरी वडिलांकडून आलेली असते. म्हणूनच अशा बालकाच्या जन्माचा ठपका सुनेवर ठेवणे हे अन्यायाचे तर आहेच, पण शास्त्राच्या दृष्टीनेही सर्वथा चुकीचे आहे.

भारतात सरासरी शंभरांपैकी तीन ते चार व्यक्ती वाहक आहेत. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत हे प्रमाण अधिक आढळते. सिकलसेल हा अशाच प्रकारचा आजार नंदुरबार, गडचिरोलीपासून मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशापर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात अधिक दिसतो. एक जोडीदार थॅलेसेमियाचा आणि दुसरा सिकलसेलचा वाहक असला, तरीही बाळाला धोका संभवतो. मामेभावंडे-आतेभावंडे यांसारख्या जवळच्या नात्यांतील विवाहात दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. आंतरप्रांतीय विवाहांच्या या काळात 'हा आमच्याकडचा आजार नाही' असे म्हणून निश्चिंत राहणेही योग्य नव्हे.

चाचणी केव्हा करावी?

वाहक ओळखण्यासाठी साध्या रक्तगणनेनंतर 'हिमोग्लोबिन ए-टू' ही चाचणी करतात. तिचे प्रमाण ३.५ टक्क्यांहून अधिक असल्यास ती व्यक्ती बहुधा थॅलेसेमियाची वाहक असते. ही चाचणी विवाहापूर्वी किंवा गर्भधारणेपूर्वी करणे सर्वोत्तम. ते न जमल्यास दिवस राहताच विनाविलंब करावी. वाहक स्त्रीच्या रक्तातील तांबड्या पेशी लहान व फिकट असतात. त्यामुळे तिला लोहाची कमतरता आहे असा समज होतो आणि गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन अपेक्षेप्रमाणे वाढत नाही. अशा वेळी ही चाचणी अवश्य करून घ्यावी.

पत्नी वाहक आढळल्यास पतीची तपासणी त्वरित व्हावी. दोघेही वाहक असल्यास सुमारे ११ ते १३ आठवड्यांत वारेचा सूक्ष्म अंश घेऊन, किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन गर्भाचे निदान करता येते. दोन्ही तपासण्यांत गर्भपाताचा अल्पसा धोका असतो. तो डॉक्टरांकडून आधी समजून घ्यावा. १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार या तपासण्या केवळ नोंदणीकृत केंद्रात व गर्भवतीच्या लेखी संमतीनेच होतात. गर्भाचे लिंग सांगणे हा गुन्हा आहे. २०२१ च्या सुधारित वैद्यकीय गर्भपात कायद्यान्वये, गर्भात गंभीर विकृती असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविल्यास २४ आठवड्यांनंतरही गर्भपातास अनुमती मिळू शकते. मात्र गर्भ ठेवावा की नाही, हा निर्णय त्या स्त्रीचाच असतो. समुपदेशकाचे काम माहिती देण्याचे, दडपण आणण्याचे नव्हे.

आईच आजारी असेल तर?

नियमित उपचारांमुळे थॅलेसेमिया मेजर असलेल्या स्त्रियाही आज माता होऊ शकतात. त्यासाठी गर्भधारणेपूर्वीच हृदय, यकृत, रक्तशर्करा व थायरॉईड यांची तपासणी आणि औषधांचा फेरविचार आवश्यक असतो. सिकलसेलग्रस्त मातेला तीव्र वेदना, उच्च रक्तदाब व अकाली प्रसूती यांचा धोका अधिक असतो. तिची प्रसूती सर्व सोयींनी युक्त रुग्णालयातच व्हावी. कोणतेही औषध मनाने सुरू किंवा बंद करू नये.

शासनाने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून त्यासाठी २०४७ हे लक्ष्यवर्ष ठरविले आहे. तथापि अशा अभियानांचे यश अखेर कुटुंबांच्या जागरूकतेवरच अवलंबून राहते. विवाह ठरविताना पत्रिकेबरोबरच रक्ततपासणीचा अहवालही पाहण्याची प्रथा रुजली, तर अनेक घरांवरील आघात टळेल. वाहक असणे हा कलंक नव्हे. ती वेळीच जाणून घ्यावयाची एक माहिती आहे.