एका शिदोरीचे तीन वाटेकरी

दिवाळीच्या आगेमागे, नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, दक्षिण कोरियात दुपारी सुमारे पस्तीस मिनिटे एकही विमान उडत नाही आणि एकही उतरत नाही. हवेत असलेली विमाने उंचावर घिरट्या घालत थांबतात. त्या दिवशी कार्यालये तासभर उशिरा उघडतात, शेअर बाजारही उशिरा सुरू होतो आणि उशीर झालेल्या मुलांना पोलीस आपल्या गाडीतून केंद्रावर पोहोचवतात. कारण एकच, विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. विमाने थांबतात ती इंग्रजीच्या श्रवण चाचणीपुरती, मुलांना ऐकण्यात व्यत्यय येऊ नये म्हणून.

वर्गात हे सांगितले की उत्तर ठरलेले येते. ‘कोरियन माणूस मुळातच अभ्यासू.’ मग जपानी मुळातच शिस्तप्रिय आणि चिनी मुळातच व्यवहारी, हेही ओघाने येते. आजच्या मराठी मुलांना हे तिन्ही देश परके नाहीत. कोरियन मालिका रात्र जागून पाहिल्या जातात, जपानी अॅनिमेच्या नायकांची नावे तोंडपाठ असतात, हातातला फोन बहुधा चिनी असतो. पुण्यात जपानी शिकणारी मुले तर घरोघरी सापडतील. इतकी ओळख असूनही तुलना करायची वेळ आली की तीन रकाने आखले जातात आणि त्यांत तीन स्वभाव भरले जातात. हे रकाने मला घातक वाटतात. स्वभाव म्हटला की प्रश्न संपतो, आणि तो का घडला हे विचारण्याची गरजच उरत नाही.

माझी पद्धत वेगळी आहे. तिघांकडे पोहोचलेली एकच गोष्ट घ्यायची आणि तिचे प्रत्येकाच्या घरात काय झाले ते पाहायचे. शिदोरी एकच, वाटेकरी तीन. कोणाला तिची गरज होती, ती आल्याने कोणाचे आसन डळमळले आणि कोणी ती दाराबाहेरच ठेवली, एवढे विचारले तरी तुलना जिवंत होते.

परीक्षेचेच घेऊ. चीनमध्ये सातव्या शतकाच्या सुरुवातीला, स्वी घराण्याच्या काळात, सरकारी अधिकारी परीक्षेतून निवडायला सुरुवात झाली. तांग काळात ती रुजली, सोंग काळात भरभराटीला आली आणि १९०५ मध्ये बंद झाली. म्हणजे सुमारे तेराशे वर्षे. नानजिंगच्या परीक्षागृहात वीस हजारांहून अधिक कोठड्या होत्या. कोठडी विटांची, समोरून उघडी, एक माणूस जेमतेम मावेल एवढी. दोन्ही भिंतींना खाचा आणि त्यांत सरकवायला दोन फळ्या. दिवसा वरची फळी मेज आणि खालची बैठक, रात्री दोन्ही एका पातळीला आणल्या की तोच बिछाना. खाणे, मेणबत्त्या, कुंचला, शाईचा दगड सारे घरून आणायचे. दारात झडती व्हायची. उत्तरपत्रिका कारकून पुन्हा नकलून काढत, म्हणजे तपासणाऱ्याला हस्ताक्षर ओळखता येऊ नये. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना हे वर्णन ऐकवले की ती ताठ बसतात. त्यांचा या कोठड्यांशी थोडा संबंधही आहे. आपल्या स्पर्धा परीक्षा इंग्रजांकडून आल्या, आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सरकारी नोकऱ्यांसाठी खुली परीक्षा असावी का, यावर वाद झाला तेव्हा चीनचा दाखला दिला जात होता.

ही परीक्षा कोरियात गेली ती ९५८ मध्ये. गोर्यो घराण्याचा राजा ग्वांगजोंग याने चीनहून आलेल्या एका अधिकाऱ्याच्या सल्ल्याने ती सुरू केली. राजाचा हेतू सरळ होता, बड्या सरदार घराण्यांची पकड ढिली करायची. पुढे जोसॉन घराण्याच्या काळात मात्र परीक्षाच उमराव घराण्यांच्या हाती गेली. कागदावर ती बऱ्याच जणांना खुली होती, पण वर्षानुवर्षे अभ्यासाला बसवून पोसण्याची ऐपत यांगबान म्हटल्या जाणाऱ्या वर्गाचीच होती. त्यातही दुय्यम पत्नीच्या मुलांना मुख्य परीक्षेची दारे दीर्घकाळ बंद होती. ज्या हत्याराने घराणी मोडायची, त्यानेच घराणी टिकली. १८९४ मध्ये ही परीक्षा रद्द झाली. तिच्यामुळे मिळणारी प्रतिष्ठा मात्र कोणत्याही फर्मानाने रद्द होणारी नव्हती, आणि ती पुढे शाळा-विद्यापीठांच्या प्रवेशाला चिकटली.

जपानने आठव्या शतकात तांग चीनचे कायदे, राजधानीचा आराखडा, अधिकाऱ्यांच्या श्रेणी असे बरेच काही उचलले. परीक्षाही आणली, पण ती तिथे रुजली नाही. वरच्या दर्जाच्या बापाच्या मुलाला जन्मानेच दर्जा मिळत होता, मग परीक्षा द्यायची कोणी? सुगावारा नो मिचिझाने हा विद्वान परीक्षा देऊन, विद्येच्या बळावर दरबारात फार वर चढला. दरबारातल्या बड्या फुजिवारा घराण्याला ते सोसले नाही. ९०१ मध्ये त्याची रवानगी क्यूशू बेटावरच्या दाझाइफूला झाली आणि दोन वर्षांनी तो तिथेच वारला. नंतर राजधानीत वीज पडली, रोगराई आली, दरबारातली माणसे दगावली, आणि लोकांनी त्याचा धसका घेऊन त्याला देव केले. आजही परीक्षेच्या हंगामात जपानी मुले त्याच्या देवळांत लाकडी पाट्यांवर नवस लिहून टांगतात. ज्या समाजाने विद्वानाला टिकू दिले नाही, त्यानेच त्याला विद्येचा देव करावे, यावर वर्गात तासभर बोलता येते. पुढे सत्ता सामुराईंच्या हाती गेली. चीन आणि कोरियात लेखणीवाला शस्त्रवाल्याच्या वर बसला आणि जपानमध्ये उलटे झाले. या एका फरकातून पुढचे किती फरक निघाले, हे मुले स्वतः शोधत जातात.

लिपीबद्दल थोडक्यात. चिनी चित्राक्षरे कोरिया आणि जपान दोघांनीही घेतली, पण दोघांच्याही भाषांची घडण चिनीपेक्षा पार निराळी. जपानने अक्षरांचीच रूपे सोपी करत दोन ध्वनिलिप्या घडवल्या आणि चित्राक्षरांबरोबर त्या ठेवून घेतल्या. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मुरासाकी शिकिबू या दरबारी स्त्रीने ‘गेंजी’ची दीर्घ कादंबरी लिहिली ती त्यांतल्याच एका लिपीत. कोरियात सेजोंग राजाने १४४३ मध्ये नवी लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये ती जाहीर केली. लिपी तयार झाल्याच्या पुढच्याच वर्षी, १४४४ मध्ये, दरबारी पंडितांनी विरोधाचा अर्ज केला होता. त्यांचे म्हणणे असे की चीनपासून वेगळे होणे म्हणजे रानटी होणे. हा अर्ज मुलांना वाचायला द्यावा. ज्यांना आपण आज सहज प्रतिगामी म्हणू, त्यांच्या भीतीमागचा हिशेब त्यात दिसतो.

घराची गोष्ट निघाली की मी मोटारीपासून सुरुवात करतो. ‘मारुती सुझुकी’ माहीत नाही असे मूल महाराष्ट्रात नाही. त्या सुझुकी कंपनीची धुरा कित्येक दशके सांभाळणारे ओसामू सुझुकी हे जन्माने मात्सुदा. संस्थापकाच्या नातीशी लग्न करून ते त्या घरात दत्तक गेले आणि त्यांनी सासरचे आडनाव घेतले. जपानमध्ये यात काही नवल नाही. तिथे घर म्हणजे नाव आणि धंदा, तो चालवायला लायक माणूस हवा, मग रक्त दुसरे असले तरी चालते. आता शेजारी कोरियातली ‘सॅमसंग’ ठेवा. ली ब्युंग-चुल, त्यांचा मुलगा, मग नातू. कोरियन आणि चिनी परंपरेत पितरांचे विधी पुरुषवंशातल्या रक्ताच्या माणसानेच करायचे, म्हणून दत्तक घ्यायचा तरी आपल्याच कुळातला. दत्तकाचे धर्मशास्त्र आणि त्यावरून गेलेली संस्थाने आपल्या इतिहासात आहेतच, त्यामुळे मराठी मुलांना या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे समजावावे लागत नाही.

इथेच एक महत्त्वाचा धडा आहे. कोरियातली पुरुषवंशाची ही कडक परंपरा फार जुनी नाही. जोसॉनच्या पहिल्या दोनेकशे वर्षांत मुलींना मुलांबरोबरीने वाटा मिळे आणि पितरांचे विधीही भावंडांत आळीपाळीने होत. सतराव्या शतकापासून नवकन्फ्यूशियन विचाराची, म्हणजे कन्फ्यूशियसच्या शिकवणीच्या नव्या मांडणीची, पकड घट्ट झाली तेव्हा मुलींचा वाटा गेला. ‘प्राचीन कोरियन संस्कृती’ म्हणून जे दाखवले जाते त्यातले बरेचसे आपल्या शिवकाळाइतकेच जुने आहे. याचा अर्थ ते खोटे ठरत नाही. ते कोणत्या काळात आणि कोणाच्या आग्रहाने घडले, एवढे मात्र स्पष्ट होते.

सगळ्यात जास्त वेळ मी १५९२ च्या युद्धाला देतो. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याला मिंग चीन जिंकायचा होता आणि वाट कोरियातून जात होती. त्याच्या बंदूकधारी फौजांनी सुमारे तीन आठवड्यांत कोरियाची राजधानी घेतली. समुद्रावर यी सुन-सिन या सेनानीने त्यांची रसद तोडली, उत्तरेकडून मिंग सैन्य उतरले आणि १५९८ मध्ये हिदेयोशी मेल्यावर युद्ध थांबले. कोरियात हे इमजिन वर्षाचे जपानी आक्रमण. जपानी इतिहासात याच्या दोन मोहिमा, तिथल्या दोन कालगणनांच्या नावांनी. चिनी नोंदींत ही वानली सम्राटाने कोरियाला केलेली मदत. मुलांना तीन गटांत बसवून प्रत्येकाला एकाच देशाची बाजू वाचायला दिली, की तिन्ही गट वेगवेगळ्या युद्धांबद्दल बोलू लागतात.

क्योतोत हिदेयोशीच्या देवळापासून थोड्याच अंतरावर एक हिरवा टेकाडासारखा ढिगारा आहे, वर दगडी स्मारक. नाव कानांचा ढिगारा, पण आत पुरली आहेत ती मुख्यतः कापलेली नाके. किती शत्रू मारले याचा पुरावा म्हणून ती मिठात घालून कोरियातून पाठवली जात. त्यात सैनिक होते तसे साधे गावकरीही होते. सेउलमध्ये ग्वांगह्वामुन चौकात यी सुन-सिनचा पुतळा आहे, शंभर वॉनच्या नाण्यावरही तोच. आणि जपानी फौजांनी पकडून नेलेल्या कोरियन कुंभारांनी क्यूशूत चिनी मातीच्या भांड्यांचा उद्योग उभा केला. तिथल्या आरिताची नाजूक भांडी जपानी कलेचा मानबिंदू समजली जातात, ती या युद्धाची देणगी. ‘देणगी’ म्हणताना माझाच आवाज अडखळतो, आणि मुलांनी तो अडखळताना ऐकावा असे मला वाटते.

या युद्धाचा एक धागा गोव्यात आहे. अंजिरो नावाचा जपानी माणूस १५४८ मध्ये गोव्यात ख्रिस्ती झाला, आणि पुढच्या वर्षी त्याला बरोबर घेऊन सेंट फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून जपानमधल्या कागोशिमाला उतरले. जुन्या गोव्यात त्यांचे शव पाहायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना बहुधा हे ठाऊक नसते. कोरियावर पहिली तुकडी घेऊन उतरलेला सरदार कोनिशी युकिनागा ख्रिस्ती होता. जपानी फौजांच्या बंदुकांचे मूळही १५४३ मध्ये आलेल्या पोर्तुगीजांपाशी पोहोचते. १६१४ च्या एका कोरियन ग्रंथात मिरची जपानहून आल्याची नोंद आहे. आपल्या ठेच्याची आणि त्यांच्या किमचीची मिरची एकाच अमेरिकन झाडाची, दोन्हीकडे सोळाव्या शतकात दर्यावर्दी व्यापारातून पोहोचलेली. त्याआधीची किमची तिखट नव्हती, हे ऐकून मुलांना धक्का बसतो आणि तो बसायलाच हवा.

उलट दिशेचा धागा भारताकडे जातो. सातव्या शतकात चिनी भिक्षू ह्युएनत्संग दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला होता. आठव्या शतकात कोरियन भिक्षू ह्येचो भारतात फिरला, आणि त्याच शतकात, ७५२ मध्ये, जपानमधल्या नारा इथल्या प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन या भारतीय भिक्षूने केला. तिन्ही देशांची तुलना शिकवताना आपण तटस्थ प्रेक्षक नसतो, हे एवढ्यावरून दिसते.

शेवटचा भाग सगळ्यात नाजूक. १९१० ते १९४५ कोरियावरचा जपानचा ताबा, चीनवरचे आक्रमण, नानजिंगचे हत्याकांड. जपानी पाठ्यपुस्तकांत हे कसे लिहावे यावरून १९८२ मध्ये आणि पुन्हा २००१ मध्ये तिन्ही देशांत वादळ उठले. त्यातून तिथल्या अभ्यासकांनी आणि शिक्षकांनी एकत्र बसून आधुनिक इतिहासाचे एक सामायिक पुस्तक लिहिले आणि २००५ मध्ये ते तिन्ही भाषांत निघाले. सरकारी पाठ्यपुस्तक म्हणून नव्हे, पूरक वाचन म्हणून. २०१२ पासून दक्षिण कोरियातल्या उच्च माध्यमिक शाळांत ‘पूर्व आशियाचा इतिहास’ हा स्वतंत्र ऐच्छिक विषयही सुरू झाला. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतले इतिहासशिक्षणातले हे सर्वांत धाडसी काम आहे.

त्या सामायिक पुस्तकासारखे पुस्तक लिहायचे तर आधुनिक काळ कुठून मोजायचा, हे मी मुलांना ठरवायला सांगतो. फळ्यावर तीन सने लिहितो. १८४०, चीनविरुद्धच्या अफूच्या युद्धाच्या सुरुवातीचे. अफूच्या त्या व्यापारात मुंबईचे व्यापारीही होते. १८५३, अमेरिकन आरमार जपानच्या किनाऱ्याला आले ते. १८७६, कोरियाने आपली बंदरे उघडण्याच्या तहावर सही केली ते. मुले बहुधा पहिले सन निवडतात. मग त्यांना विचारतो, कोरियाच्या दारात तोफांच्या बोटी कोणाच्या होत्या? त्या जपानच्या होत्या, आणि हा धाक जपानने तेवीस वर्षांपूर्वी स्वतः अनुभवला होता. त्यावर वाद सुरू होतो, आणि तास संपला तरी तो बहुधा संपत नाही.